चेनकाकांना नोकरी देण्यापूर्वी

ती. ताईंना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण सध्या कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच समजून घ्या. मान तेवढाच आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मागे म्हणाला होतात की जिना उतरताना कट् असा आवाज येतो पण दुखत नाही. माझं नेमकं उलट आहे. आवाज काही येत नाही आणि दुखतं मात्र भरपूर, म्हणजे कुणाला पुरावा दाखवायचीही सोय नाही. दाजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर गोदामात झाडलोट चालू असताना तिथे उभे राहू नका म्हणावं. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. मेव्हण्याच्या बायकोचा सल्ला कुठल्याही पुरुषाला पचत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे दोघंच. लेक तिच्या घरी सुखात आहे, आणि सुखात असल्यामुळे फोन करत नाही.

तुमची प्रवासाची बॅग दुरुस्त होऊन या पत्रासोबत येते आहे. खरं तर पत्रच बॅगेसोबत येतं आहे, आतल्या कप्प्यात. सरळ फोनवर का नाही लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. ताई, राग मानू नका, पण तुमचा फोन दाजींच्या हातात असतो, आणि दाजी आलेला मजकूर घरभर मोठ्याने वाचून दाखवतात. मागे मी तुम्हाला खाजगीत लिहिलेलं कंबरेचं पुराण त्यांनी तुमच्या पाहुण्यांसमोर वाचलं, आणि त्यातल्या एका गृहस्थांनी मला फोन करून व्यायाम सांगितले. गृहस्थ चांगले होते, पण मी त्यांना ओळखत नव्हते. तेव्हा हे पत्र आधी तुम्ही एकटीने वाचा, अगदी दार लावून वाचलंत तरी चालेल.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही विचारलंय की तुमचे बंधुराज दाजींच्या गोदामात कामाला कधीपासून येणार. नव्या बॅगांचं एवढं मोठं गोदाम, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायला घरचा विश्वासू माणूस हवा, दुकान बंद करून दोघंही इकडेच या, वरची खोली रिकामीच आहे, महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा, असं तुम्ही म्हणालात. किती मायेने म्हणालात ते मला कळतं. आजकाल कोण कुणासाठी एवढं करतं! पण ताई, माणूस कामावर घ्यायच्या आधी त्याची नीट चौकशी करतात. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता हे खरं, पण गेल्या काही महिन्यांत त्यांनी इंटरनेटवर जे दिवे लावले आहेत त्यांचा उजेड अजून तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. तो पोचवणं भावजय म्हणून माझं कर्तव्य आहे. सगळं वाचा आणि मग ठरवा.

दुकान तुम्हाला माहीतच आहे. मामंजींच्या वेळेपासून त्यात काही बदल नाही. पुढे तीच लाकडी फळी, मागे जाड शिलाईचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना लोंबणाऱ्या चेनी, आणि डब्यांमध्ये आकारावारी रनर. (चेन लावताना आपण जो पुढेमागे सरकवतो तो. तुम्ही लहानपणी त्याला घोडा म्हणायचात असं हे सांगतात, आणि अजून एकटे असले की घोडाच म्हणतात.) बदललंय ते गिऱ्हाईक. पूर्वी बॅगेचा बंद तुटला की माणूस दुकानात यायचा. आता बंद तुटला की तो फोन उघडतो आणि दुसऱ्या दिवशी दारात नवी बॅग हजर. जुनी कचऱ्यात. आमच्या गल्लीच्या टोकाला कचऱ्याचा ढीग असतो, त्यात चांगली मजबूत बॅग पडलेली दिसली की तुमचे बंधुराज असे थांबतात की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं कुणी ओळखीचं गेलं. दुकान असंच चाललं तर गुंडाळावं लागणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

तेव्हा शेजारचे चष्मेवाले मदतीला आले. (मदतीला येणाऱ्या माणसांपासून देवाने वाचवावं.) त्यांचं म्हणणं असं की आता पाटी लावून कुणी येत नाही, लोक असतात ऑनलाइन ग्रुपमध्ये. तिथे चर्चा चालते, तिथे शिरायचं, गोड बोलायचं, थोडं फुकट ज्ञान द्यायचं आणि मग गिऱ्हाईक आपोआप येतं. आवळा देऊन कोहळा काढायचा. त्यांनी स्वतः कुठल्याशा ग्रुपमध्ये डोळ्यांच्या थकव्यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या दुकानात बसायला जागा नसते. ती थकलेली माणसं मी रोज बघतेच, कारण जागा नसली की ती आमच्या बाकावर येऊन बसतात. तर आमच्याकडच्यांना हे पटलं. पटलं म्हणजे काय, ते त्याच दिवशी तीन ग्रुपमध्ये शिरले. एक आमच्या भागातल्या रहिवाशांचा, तिथे पाणी का आलं नाही आणि ते कुत्रं कुणाचं, यापलीकडे विषय जात नाही. एक प्रवासाची हौस असणाऱ्यांचा. आणि तिसरा जुन्या वस्तू टाकायच्याच नाहीत असं ठरवलेल्या लोकांचा. हा तिसरा ग्रुप म्हणजे आमच्या नशिबाचा ग्रुप.

प्रत्येक ग्रुपला नियम असतात आणि ते कुणीही वाचत नाही. यांनी वाचले. तुम्हाला तर ठाऊक आहे, हा माणूस औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचतो आणि मग घाबरून औषध घेत नाही. नियम तिसरा असा होता की स्वतःच्या धंद्याची जाहिरात करू नये, सभासदांच्या उपयोगी पडावं. आता बाकीचे दुकानदार काय करतात? दोन ओळी उपयोगी पडतात आणि तिसऱ्या ओळीत हळूच फोन नंबर टाकतात. चष्मेवाल्यांनी तर स्वतःच्या फोटोतच मागे दुकानाची पाटी घेतली होती, ती सुद्धा डोक्यापेक्षा मोठी. यांनी स्वतःची ओळख करून देताना लिहिलं की मला बॅगांची आवड आहे. आवड! उभा जन्म उसवण्या-शिवण्यात गेला आणि जगाला सांगितलं काय, तर आवड आहे. मी म्हटलं, अहो, दुकानाचं काय? तर म्हणाले, नियम आहे.

मग पहिला प्रश्न आला. एका बाईंनी विचारलं होतं की बॅगेची चेन लावली की मागून पुन्हा उघडते, आता अख्खी चेन बदलावी लागेल का? ताई, मी यांच्या फोनवर हे वाचलं आणि मला भरून आलं. असा प्रश्न म्हणजे चालून आलेलं गिऱ्हाईक. यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांपाशी धरला आणि उत्तर लिहायला घेतलं ते दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली तरी चालूच. चेन चांगली आहे, ती बदलू नका. रनर सैल झाला आहे. लहान पकड घ्या, रनरची एक बाजू हलकेच दाबा, मग दुसरी, एकदम जोर करू नका. अडकत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा, मेणबत्ती नसेल तर कोरडा साबण. एवढं झाल्यावर खाली लिहिलं की जमलं का ते जरूर कळवा, मी वाट पाहतो. बाईंना जमलं. त्यांनी कळवलं. नुसतं कळवलं नाही, चेन लावतानाचा व्हिडिओ टाकला, आणि तो पाहून ज्यांच्या ज्यांच्या घरात सैल रनर होते ते सगळे जागे झाले.

यात दोष थोडा मामंजींचाही आहे, आणि वडील माणसांबद्दल बोलू नये म्हणून मी थोडाच म्हणते. बॅग हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचं की यातलं घरी काय होण्यासारखं आहे, ही तुमच्या घरची रीत. मामंजी सांगायचे, हेही सांगतात. फळीवर ती रीत चालून जाते, कारण समोरचा माणूस ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, ते सगळं खरं हो, पण आता आणलीच आहे तर तुम्हीच करा. रीतही राहते आणि कामही मिळतं. ग्रुपमध्ये कुणी बॅग आणलेलीच नसते. ते मान डोलावतात आणि घरी करतात. एकाच फटक्यात हजारोंच्या घरी पकडी निघाल्या. आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे लहान पकडी संपल्या आणि तो यांना विचारायला आला की एकाएकी झालंय काय.

ग्रुपमध्ये लोक यांना चेनकाका म्हणायला लागले. (काका! ज्यांच्या डोक्याला नुसता कलप लावला तर दाजींपेक्षा लहान दिसतील ते. दाजींना हे सांगू नका.) चाकं अडकली, चेनकाका. हँडल वर येत नाही, चेनकाका. आतलं अस्तर फाटलं, चेनकाकांना विचारा. हे सकाळी दुकान उघडून झाडू मारायच्या आधी फोन उघडायचे. चहा गार व्हायचा. मी ओरडायचे की अहो, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय! तर म्हणायचे की हे एवढं झालं की आलोच, एका मुलीची बॅग प्रवासाच्या ऐन तोंडावर अडकली आहे. इकडे दुकानात शुकशुकाट. एक नर्सबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, त्या एक दिवस बॅग घेऊन आत शिरल्या तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. त्यांनी बॅग फळीवर ठेवली, चेन उघडून दाखवली, लावून दाखवली, म्हणाल्या, बघा, मी स्वतः केलं! यांनी चेन तपासली, शाबासकी दिली, त्यांच्यासोबत फोटो काढला, आणि बाई बॅग उचलून निघून गेल्या. मी उभी होते ती तशीच बसले.

पुढे तर कळस झाला. ग्रुपवाल्यांनी यांना ॲडमिन केलं, म्हणजे ग्रुपचा मुकादम. नाकापेक्षा मोती जड तो असा. ॲडमिनचं मुख्य काम काय, तर जाहिरात करणाऱ्यांच्या पोस्ट काढून टाकायच्या. म्हणजे जाहिरात करायला गेलेला माणूस जाहिरातींवर पहारा द्यायला बसला. आता माझाही संयम संपला. लेकीचा जुना फोन घरात होता, त्यावरून मी 'एक गृहिणी' या नावाने त्याच ग्रुपमध्ये शिरले आणि लिहिलं की नुकतीच मी एका अतिशय प्रामाणिक दुकानातून बॅग दुरुस्त करून घेतली, दुकान चष्म्याच्या दुकानाला लागूनच आहे, मालक जरा अबोल आहेत पण मालकीणबाई फारच चांगल्या आहेत. यात काय खोटं होतं, तुम्हीच सांगा. मी फळीच्या या टोकाला बसून लिहिलं आणि हे त्या टोकाला बसून फोन बघत होते. चष्मा कपाळावरून खाली आला. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या फोनवर टुंग वाजलं. आदरणीय सभासद, आपली पोस्ट नियम तीननुसार काढून टाकण्यात येत आहे, गैरसमज नसावा, ॲडमिन.

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं मीच ते? तर म्हणाले, मालकीणबाई चांगल्या आहेत हे या गावात दुसरं कोण लिहिणार? आणि मग विचारलं, चहा टाकतेस का? मी चहा टाकला नाही. मी दुसरी पोस्ट टाकली. तर नियम सहाप्रमाणे मला आठवडाभर ग्रुपमधून काढलं! ताई, आईवडिलांनी कधी घराबाहेर काढलं नाही, सासूबाईंना तर मी पाहिलंच नाही, आणि नवऱ्याने काढलं ते ग्रुपमधून. त्या आठवड्यात मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. काम फारसं नसल्यामुळे ते चांगलंच जाणवलं असणार.

पण जगात पकडी वापरता येणारे लोक कमी आणि पकडी घेणारे जास्त असतात, हे माझ्या लक्षात नव्हतं. हळूहळू दुकानात माणसं येऊ लागली, पण कशी, तर तोंड लपवून. एकाने हलकेच दाबा म्हटलेलं वाचलं नव्हतं आणि रनरचे दोन तुकडे करून आणले. एकाला साबणही मिळाला नाही आणि मेणबत्तीही, म्हणून त्याने स्वयंपाकातलं तेल ओतलं. बॅग तेलकट, आतले कपडे तेलकट, आणि बायको बोलेनाशी झालेली. एका प्राध्यापकांनी रनर काढून उलटा बसवला होता, आणि आता बॅग बाहेरून लावली की आतूनच उघडता येते, असं ते फार गंभीरपणे सांगत होते. मी मनात म्हटलं, चला, देव आहे. पण कसला देव आणि कसलं काय. यांनी सगळ्यांची कामं केली आणि एकाकडूनही काही घेतलं नाही. का, तर सल्ला माझा होता, तो ऐकून त्यांचं नुकसान झालं, आता मी कुठल्या तोंडाने घेऊ? मी म्हटलं, ज्या तोंडाने आपण जेवतो त्या तोंडाने घ्या. तर हसले. ताई, तुमच्या भावावर ओरडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे, आणि भिंत वरून हसते.

आता शेवटचा प्रकार ऐका आणि मग मी थांबते. एका बाईंनी ग्रुपमध्ये मोठ्या सूटकेसचे फोटो टाकले. चेन दात्यांसकट उसवलेली, एका बाजूची शिवण गेलेली. यांनी फोटो मोठे करून पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच लिहिलं की हे घरी होण्यासारखं नाही, जाड शिलाईचं मशीन असलेल्या दुकानात न्या. मी मागून वाचत होते. (आठवडा संपून मला परत घेतलं होतं, पण मी रागाने आत गेले नव्हते; यांच्या खांद्यावरूनच वाचायचे.) मला वाटलं, आता तरी! बाईंनी विचारलं, कुठल्या दुकानात? आणि यांनी, ताई, यांनी त्यांना पुलापलीकडच्या दुकानाचा पत्ता दिला. पुलापलीकडचा म्हणजे आमचा एकमेव प्रतिस्पर्धी, ज्याचं नाव घरात काढलं की मामंजी राग गिळायला पाणी प्यायचे. मी विचारलं, अहो, का? तर म्हणाले, त्या तिकडेच राहतात, एवढी जड सूटकेस घेऊन इतक्या लांब कशाला येतील? आणि नियमात आपल्या दुकानाला मनाई आहे, दुसऱ्याच्या नाही. मी कपाळाला हात लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

तेव्हापासून ग्रुपमधली पुलापलीकडची सगळी माणसं त्याच्याकडे जातात. त्याला हा चमत्कार कळेना. शेवटी कुणीतरी सांगितलं, तेव्हा तो स्वतः फळं घेऊन आमच्या दुकानात आला. यांनी त्याला बाकावर बसवलं, मला चहा करायला लावला, आणि दोघं चाकांवर बोलत बसले. आता तो चाकांची आणि हँडलांची कामं आमच्याकडे पाठवतो, कारण त्याला त्यातलं जमत नाही आणि शिलाईतून वेळही नाही. रिक्षात घालून पाठवतो, वेळेवर नेतो. माणूस वाईट नाही. मामंजींना हे बघवलं नसतं, पण त्यांना बघायला लागत नाही हे एक बरं.

तर ताई, असा हा माणूस आहे. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. दाजींचं नव्या बॅगांचं गोदाम, छतापर्यंत माल, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला तुमचे बंधुराज. गिऱ्हाईक म्हणणार, नवी बॅग दाखवा. हे विचारणार, जुनीला काय झालंय? आणि गिऱ्हाइकाने चुकून जुनी सोबत आणली असेल तर हे तिथेच खाली बसून ती नीट करतील, मेणबत्ती घासतील, आणि त्याला रिकाम्या हाती घरी पाठवतील. दाजींचा खोकला आधीच बरा नाही. मग म्हणू नका की भावजयीने सावध केलं नाही. निर्णय तुमचा, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही जो घ्याल तो आम्हाला मान्य.

गुडघ्याला जपा. जिन्याला कठडा धरूनच उतरा, आवाज आला तरी धरा, नाही आला तरी धरा. दाजींना आम्हा दोघांचा नमस्कार, मुलांना गोड पापा. ती आता पापा घ्यायच्या वयाची राहिली नाहीत म्हणता, पण मी काही वेगळं लिहायला शिकले नाही.

तुमची,
(दुसरी कुणी नसल्यामुळे) एकुलती एक भावजय

ता.क. तुमच्या बॅगेची चेन बदललेली नाही. मी बदला म्हणत होते, ताईंची बॅग आहे, चांगली नवी टाका. ते म्हणाले, चेनीला काही झालेलं नाही, रनरच गेलाय. रनर नवा टाकला आहे आणि बंद आतून पुन्हा शिवला आहे. ते शिवायला त्यांनी अख्खी दुपार घेतली, आणि दुपारभर दुकानाचं दार लोटलेलं होतं.

ता.क. दुसरा. आता खरं लिहिते. ताई, त्यांना बोलावू नका. ते तुम्हाला 'येतो' म्हणूनच कळवणार आहेत, कारण तुम्हाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. आई गेल्यावर तुम्ही त्यांना वाढवलंत, आणि तुम्ही म्हणाल ते त्यांनी आजवर केलं आहे. पण तुमचा निरोप आल्यापासून ते ग्रुपमध्ये काही लिहीत नाहीत. काल कुणीतरी चाकाचं विचारलं होतं. त्यांनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. काम करताना गुणगुणतात ना, तेही बंद आहे. रनरचे डबे एकेक करून कागदात बांधायला लागले आहेत. मला ते बघवत नाही. दिवसभर मी त्यांना नावं ठेवते ती माझी सवय आहे, मनावर घेऊ नका, त्यांनीही कधी घेतली नाहीत. मला हाच माणूस हवा आहे, आणि तो याच फळीमागे बसलेला हवा आहे. पुलापलीकडची कामं येतात, तेल ओतलेल्यांकडून आता हे चहाला गेले की मी पैसे घेते, रडतखडत का होईना दोघांचं भागतं. तुम्ही मायेने बोलावलंत, आणि मी त्या मायेला नको म्हणते आहे, हे लिहितानासुद्धा मला बरं वाटत नाही. पण तुम्हीच फोन करा आणि जागा भरली म्हणून सांगा. ते फक्त तुमचंच ऐकतात.

ता.क. तिसरा. दाजींना कसं सांगायचं, याची काळजी करू नका. वरचं सगळं पत्र त्यांच्यासाठीच लिहिलं आहे. मोठ्याने वाचायला त्यांच्याच हातात द्या, एक अक्षरही खोटं नाही. त्यांच्या वाचनाबद्दलचा, खोकल्याबद्दलचा आणि कलपाबद्दलचा भाग तेवढा आधी कात्रीने कापून काढा, आणि हे ताजे कलम तर नक्कीच. कात्री बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली आहे. प्राध्यापकांच्या रनरपर्यंत येईपर्यंत दाजी स्वतःच म्हणतील की हा माणूस नको.

ता.क. शेवटचा. जागा भरली असं तुम्ही फोनवर सांगाल तेव्हा त्यांना वाईट वाटल्यासारखं ते दाखवतील. आवाज बारीक करतील, ठीक आहे ताई म्हणतील. दाखवू द्या. मीही शेजारी बसून दाखवीन.